वाचायला बसू या, बोरगावातच

पुस्तक वाचून संपलं की त्याबद्दल बोलायला माणूस लागतो. पुण्यात, नागपुरात, भोपाळमध्ये असा माणूस शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत. ग्रंथालयं आहेत, साहित्यसंस्थांच्या शाखा आहेत, रविवारी बागेत पुस्तकं घेऊन बसणारी तरुण मंडळी आहेत. पण मध्य प्रदेशातल्या सौसर तालुक्याच्या बोरगावात राहणाऱ्या माणसाला बुक क्लबात जायचं असेल, तर त्याने विचारायचं कुणाला?

बोरगाव नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर आहे. नागपूरहून येताना महाराष्ट्राची हद्द ओलांडली की थोड्याच वेळात इथली औद्योगिक वसाहत लागते. रेमंडचा कापडाचा कारखाना इथलाच. कारखान्यांच्या पाळ्या एकीकडे, संत्र्याच्या बागा आणि कपाशी दुसरीकडे, असं इथलं जगणं. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौसर हे तालुके वेगळे काढून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. या पट्ट्यात घराघरांत मराठी बोलली जाते. शाळा मात्र बहुतेकांची हिंदीतून झालेली, आणि कंपनीत दोन्ही भाषा एकाच वाक्यात येतात.

मराठी बोलणारी एवढी माणसं असताना मराठी पुस्तकं सहज हाताला का लागत नाहीत, याचं उत्तर नकाशात आहे. १९५६ पर्यंत नागपूर हीच जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. सौसरच्या माणसाचं कोर्टकचेरीचं, कॉलेजचं आणि पुस्तकांचं गाव एकच होतं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलडाणा हे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. पुढे १९६७ साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्या कायद्याने गावच्या वाचनालयाला सरकारी मान्यता मिळू लागली. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळू लागलं. आज महाराष्ट्रात अशी दहा हजारांहून जास्त वाचनालयं आहेत. मध्य प्रदेशाने तसा कायदा केला नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या सावनेर-केळवदच्या बाजूला खेड्यात ‘सार्वजनिक वाचनालय’ अशी पाटी दिसते आणि हद्दीच्या अलीकडे तशाच गावात ती दिसत नाही. दोन्हीकडची माणसं सारखीच आहेत, पुस्तकापर्यंत पोचण्याची सोय सारखी नाही.

तरीही बोरगावच्या माणसाने सोय होण्याची वाट पाहत बसावं, असं मला वाटत नाही. आधी ग्रंथालय आणि मग वाचक, असाच क्रम असतो असं आपण धरून चालतो. कितीतरी ठिकाणी तो उलटा घडला आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये बेंजामिन फ्रँकलिनने १७२७ साली एक मंडळ काढलं. दर शुक्रवारी संध्याकाळी माणसं जमायची. कुणी काचा बसवणारा, कुणी जमीन मोजणारा, कुणी सुतार, कुणी जोडे शिवायला शिकलेला; बरेचसे हाताने काम करणारे. आळीपाळीने एकाने प्रश्न मांडायचा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं, असा रिवाज होता. वाद घालताना पुस्तकं कमी पडू लागली, तेव्हा १७३१ मध्ये वर्गणी काढून त्यांनी ग्रंथालय उभं केलं. स्वीडनमध्ये १९०२ साली ऑस्कर ओल्सन नावाच्या शिक्षकाने लुंड शहरात दारूबंदीच्या चळवळीतल्या लोकांसाठी अभ्यासमंडळ सुरू केलं. महागडे व्याख्याते आणण्याऐवजी पुस्तकं विकत घ्यायची, आपसात फिरवायची आणि मग एकत्र बसून त्यावर बोलायचं, ही त्याची पद्धत देशभर पसरली. केरळात पी. एन. पणिक्करांनी १९४५ मध्ये ४७ छोटी वाचनालयं एकत्र आणून ग्रंथशाळा संघ उभारला. तिथला सरकारी कायदा आला १९८९ साली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी. या सगळ्यांत आधी माणसं जमली. कपाटं आणि कायदे मागाहून आले.

बोरगावच्या आसपास माणसं जमतातच. ग्रामगीता घ्या. तुकडोजी महाराजांचा हा ग्रंथ, ४१ अध्यायांचा आणि ४६७५ ओव्यांचा. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला बसणारी मंडळी विदर्भात आणि या सीमाभागातही गावोगाव भेटतात. ग्रामगीतेचे विषय पाहिले तरी लक्षात येतं की हा ग्रंथ चर्चेसाठीच लिहिला आहे: ग्रामरक्षण, ग्रामआरोग्य, गोवंशसुधार, महिलोन्नती, श्रमसंपत्ती. शेवटाकडे एका अध्यायाचं नावच ग्रंथाध्ययन आहे. अध्याय वाचायचा आणि आपल्या गावात यातलं काय होतं, काय होत नाही यावर बोलायचं, एवढं केलं की बुक क्लब झाला. श्रावणात घरोघरी पोथी लागते. श्रीधरस्वामींचा हरिविजय किंवा पांडवप्रताप एक जण वाचतो, आठ-दहा जणी ऐकतात, मधेच वाचणारा थांबून अर्थ सांगतो. पोथी ऐकणाऱ्या बाईला एका जागी तास-दीड तास बसून पुस्तक ऐकायची सवय असते. शहरातल्या अनेक क्लबांना हीच सवय लावण्यासाठी खटपट करावी लागते.

बचत गटांच्या बैठका होतात. हजेरी लागते, पैसे जमा होतात, रजिस्टरवर सह्या होतात. त्या बैठकीच्या शेवटी वीस मिनिटं वाचन जोडता येतं, आणि त्यासाठी वेगळी जागा, वेगळा दिवस, घरच्यांची वेगळी परवानगी यातलं काही लागत नाही. बाईमाणसाला क्लबात यायचं तर हा शेवटचा मुद्दा फार मोठा असतो. भिशीही आहे. महाराष्ट्रात काही ठिकाणी पुस्तक भिशी चालते: दर महिन्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम द्यायची, ज्याचं नाव निघेल त्याने त्या पैशांची पुस्तकं घ्यायची, वाचायची आणि पुढच्या वेळी त्यांच्याबद्दल सांगायचं. बारा जणांनी महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकले तर वर्षाअखेरीस चौदा हजार चारशे रुपयांची पुस्तकं गटात येतात. ज्या गावात भिशीचा हिशोब प्रत्येकाला तोंडपाठ असतो, तिथे ही रीत समजावून सांगावी लागणार नाही.

मराठी माणसाचा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत यशस्वी बुक क्लब दिवाळी अंकांचा आहे, असं मी म्हणेन. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. वाचनालयं दिवाळी अंकांची योजना चालवतात. कचेऱ्यांत आणि सोसायट्यांतही वर्गणी काढून पंधरा-वीस अंक घेतात आणि ते हातोहात फिरतात. एका अंकाच्या किमतीत सगळे वाचायला मिळतात. कुणी कुठला अंक नेला याची वहीत नोंद राहते, आणि अंक परत करताना हमखास दोन वाक्यं निघतात: अमक्याची कथा वाच, तमका लेख सोडू नको. चर्चा आपोआप सुरू झालेली असते. बोरगावच्या कारखान्यात मराठी वाचणारे दहा जण असतील, तर सुरुवात इथून करावी.

संघटित वाचकांनी काय करून दाखवलं, तेही बोरगावकराने जाणून घ्यावं. १९७४ साली मुंबईत दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ सुरू केली. पुस्तक वाचणाऱ्यांनी एकत्र यायचं आणि चांगलं पुस्तक स्वस्तात एकमेकांपर्यंत पोचवायचं, हा हेतू. त्याच वाचकांच्या बळावर ग्रंथालीने १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आणि १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ प्रसिद्ध केलं. मराठी साहित्यात कुणाचं आयुष्य येऊ शकतं, याची हद्दच त्या दोन पुस्तकांनी हलवली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये विनायक रानडे यांच्या पुढाकाराने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. शंभर पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे द्यायची. गटातल्या लोकांनी ती पुस्तकं आपसात फिरवायची. काही महिन्यांनी ही पेटी दुसऱ्या गटाकडे जाते आणि दुसरी इकडे येते. देणगीदार कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या स्मरणार्थ पेटीला पैसे देतात. पेट्या दुबईला गेल्या, नेदरलँड्सला आणि टोकियोला गेल्या. तिथे मराठी पुस्तकांचं दुकान नाही, पण पेटी सांभाळणारा एक माणूस असला की काम भागतं.

पेटीची कल्पना मला सीमाभागासाठी खास मोलाची वाटते. सौसर, पांढुर्णा, लोधीखेडा, बोरगाव इथे चार छोटे गट असले आणि प्रत्येकाकडे पंचवीस पुस्तकांची एक पेटी असली, तर वर्षभरात चौघांनाही शंभर पुस्तकं वाचायला मिळतात. पेट्या एकमेकांकडे न्यायला कुणाची तरी बाजारहाटीची फेरी पुरते.

आता हद्दीच्या अलीकडचं. मध्य प्रदेशच्या साहित्य अकादमीची ‘पाठक मंच’ नावाची योजना आहे, आणि अनेक शहरांत त्याची केंद्रं चालतात. अकादमी निवडलेली पुस्तकं केंद्राकडे पाठवते, स्थानिक संयोजक सभासदांना ती वाचायला देतो, एक जण समीक्षा लिहून आणतो, ती वाचून झाल्यावर बाकीचे बोलतात. बुक क्लबचं अगदी नेमकं रूप आहे हे, फक्त पुस्तकं हिंदी असतात. बोरगावात राहून क्लब शोधणाऱ्याने जवळच्या गावातल्या हिंदीच्या प्राध्यापकाला किंवा शिक्षकाला पाठक मंचाबद्दल विचारावं आणि बिनदिक्कत जाऊन बसावं. हिंदीच्या बैठकीला गेल्याने आपली मराठी काही पातळ होत नाही.

उलट या मातीत दोन्ही भाषा एका घरात नांदल्या आहेत. गजानन माधव मुक्तिबोध १९१७ साली श्योपूरला जन्मले, नागपुरात नोकऱ्या केल्या, ‘नया खून’ साप्ताहिकात काम केलं, पुढे राजनांदगावला शिकवायला गेले आणि आधुनिक हिंदी कवितेतल्या सगळ्यांत मोठ्या नावांपैकी एक झाले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत होते. कवी, कादंबरीकार आणि समीक्षक असलेल्या शरच्चंद्रांना ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथासाठी १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकाच आईवडिलांची दोन मुलं दोन भाषांत लिहिती झाली. बोरगावचा क्लब एक महिना थोरल्याची कविता आणि एक महिना धाकट्याची कादंबरी घेऊन बसला, तर त्याला जे सापडेल ते पुण्याच्या किंवा लखनौच्या क्लबला सहजी सापडणार नाही.

बोरगावचा क्लब कसा असावा, याबद्दल माझा एक आग्रह आहे. तो मोठ्याने वाचणारा असावा. शहरातल्या क्लबात पुस्तक घरी वाचून यायचं असतं. अलीकडे तर शांत वाचनाचे गट निघाले आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ मध्ये सुरू झालेला सायलेंट बुक क्लब जगभर गेला आणि बंगळुरूच्या कब्बन पार्कातल्या वाचकांचं पाहून आपल्याकडेही शहराशहरांत लोक शनिवार-रविवारी बागेत सतरंज्या अंथरून आपापलं पुस्तक वाचू लागले. ज्यांना घरात निवांतपणा मिळत नाही त्यांना ते चांगलंच आहे. पण सीमाभागातल्या वाचकाची अडचण निराळी आहे. त्याला मराठी कळते, बोलता येते, त्या भाषेत तो भांडतो आणि बाळाला निजवतो. त्याने ती छापलेली फार पाहिलेली नसते.

हे जवळून पाहण्याजोगं आहे. हिंदी शाळेत बारावी झालेली मुलगी मराठी पुस्तकाचं पान उघडते. अक्षरं जवळपास सगळी ओळखीची, लिपी तीच. पहिल्या ओळीत ‘काळी’ येतं आणि ती ‘काली’ वाचते. ‘चांगला’मधला च ती ‘चार’मधल्या चसारखा उच्चारते. ‘जमीन’मधला ज ‘जीव’मधल्या जसारखा. मनातल्या मनात वाचताना शब्द असा अर्धवट हिंदी होऊन बसला की अर्थ उमटायला वेळ लागतो, दोन पानांत थकवा येतो, पुस्तक मिटतं आणि ‘मला मराठी वाचता येत नाही’ असं ती म्हणते. तीच ओळ तिने मोठ्याने वाचली की शेजारी बसलेली सासू म्हणते, ‘अगं, काळी, काळी. आपली काळी जमीन.’ कानावर पडताच शब्द घरचा होतो. तिसऱ्या पानापर्यंत ळ आपोआप येऊ लागतो. दोन-तीन बैठकांत ती अडखळणं विसरते. तिला भाषा शिकवावी लागत नाही, ती तिच्याकडे आहेच. कान आणि डोळा यांची गाठ घालून द्यावी लागते, आणि ती माणसांत बसूनच पडते. शिवाय सासूला कदाचित वाचता येत नसेल. मोठ्याने वाचणाऱ्या क्लबात तीही पूर्ण सभासद असते, आणि त्या दिवशी सगळ्यांत जास्त कळलेलं तिलाच असतं.

याचा हिशोबही सोपा आहे. मोठ्याने वाचताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. साध्या छपाईच्या पानावर अडीचशेच्या आसपास शब्द असतात. म्हणजे पाऊण तासात वीस पानं. सव्वाशे-दीडशे पानांची कादंबरी सात-आठ बैठकांत संपते. पाऊण तास वाचन आणि पाऊण तास गप्पा, असा दीड तास धरावा. वाचणारे तीन-चार जण असावेत आणि पाच-सहा पानांनी बदलावेत; एकाच्या आवाजाला सगळे कंटाळतात. सुरुवातीला पाच मिनिटं मागच्या वेळी काय झालं ते कुणीतरी सांगावं. कारखान्यात फिरती पाळी असलेला माणूस एका आड एका बैठकीला येणार. पाच मिनिटांच्या त्या उजळणीवर त्याचं सभासदत्व टिकून राहतं.

पुस्तकं निवडताना मोठी नावं बाजूला ठेवून वाचायला काय जमेल ते पाहावं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यातला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आठवणी सांगतो, आणि प्रकरणांना नावंही रात्र पहिली, रात्र दुसरी अशीच आहेत, ४२ रात्रींपर्यंत. एका बैठकीत दोन-तीन रात्री सहज होतात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर, तिथला दुष्काळ, आणि लहान लहान वाक्यं. पहिल्यांदा मराठी वाचणाऱ्याला इतकी स्वच्छ भाषा दुसरीकडे क्वचित मिळेल. पण मला स्वतःला बोरगावात सगळ्यांत आधी वाचावीशी वाटते ती उद्धव शेळक्यांची ‘धग’, १९६० साली आलेली. कौतिक ही त्यातली बाई नवऱ्याच्या नाकर्तेपणाशी आणि गरिबीशी अखेरपर्यंत झुंजते. तिचे आणि भोवतालच्यांचे संवाद वऱ्हाडीत आहेत. सौसरच्या बाईने ते वाचले की तिला आपली बोली पहिल्यांदाच छापलेली दिसेल. शाळेत जी बोली चुकीची म्हणून दुरुस्त केली गेली, तिच्यात अशी कादंबरी होऊ शकते, हे कळणं फार मोठं आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ही घ्यावीत. १९३४ ते १९३६ या काळात ती चार भागांत आली. टिळक कुटुंबाचा मुक्काम नागपूरला होता, राजनांदगावलाही होता. आपल्याच टापूतल्या वाटा त्यात दिसतात.

पैशांचीही अडचण फार नाही. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन सर्वांसाठी खुलं होतं. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या, साने गुरुजी १९५० मध्ये. दोघांची पुस्तकं आता कुणीही छापू शकतो, त्यांची पानं झेरॉक्स करून वाटली तरी कायदा आड येत नाही. माडगूळकर आणि शेळके यांची पुस्तकं मात्र विकतच घ्यावीत, ती त्यांच्या वारसांची आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. नागपूरला कामासाठी जाणं होतंच. सीताबर्डीवर झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे. १९२३ मध्ये अमरावतीला स्थापन झालेली आणि पुढे नागपूरला आलेली ही संस्था ‘युगवाणी’ हे नियतकालिक काढते. एखाद्या दिवशी तिथे डोकावावं, कार्यक्रमाला बसावं, आम्ही सौसरकडून आलो म्हणून सांगावं. सीमेपलीकडच्या वाचकाला तिथे परकं वाटण्याचं कारण नाही. १९५६ पर्यंत सौसर आणि नागपूर एकाच राज्यात होते.

मुलांसाठी बालभारतीचं ‘किशोर’ मासिक मागवावं. १९७१ पासून ते निघतंय, किंमत कमी असते आणि जुने अंकही संकेतस्थळावर मोफत मिळतात. जोडीला भोपाळच्या एकलव्य संस्थेचं हिंदी ‘चकमक’, १९८५ पासूनचं. दोन्ही एका सतरंजीवर ठेवावीत. मुलं हवं ते उचलतात, आणि हिंदी वाचून झालं की चित्रासाठी का होईना, मराठी उघडतात.

एखादा चालू गट सापडला, तर सभासद होण्याआधी एकदा नुसतं जाऊन बसावं. पुस्तक पूर्ण न वाचलेल्याला तिथे बोलू देतात का, ते पाहावं. एकच माणूस सगळा वेळ बोलत असेल तर ते व्याख्यान आहे; ऐकायला जावं, पण क्लब म्हणून त्यावर विसंबू नये. पुढचं पुस्तक कोण ठरवतं, हे विचारावं. सगळे मिळून ठरवत असतील तर गट टिकतो. सहा ते बारा माणसं असली की प्रत्येकाला तोंड उघडायला मिळतं. वीस झाली की दोन गट करावेत. जात, पक्ष आणि कंपनीतला हुद्दा यांची सावली बैठकीवर पडते का, हेही पाहावं. जिथे सुपरवायझरसमोर कामगार बोलत नाही, तिथे पुस्तकावर बोलणं होणार नाही. बैठक वसाहतीच्या आवारात न ठेवता शाळेत, मंदिराच्या सभामंडपात किंवा कुणाच्या ओसरीवर ठेवली तर हा प्रश्न बराचसा सुटतो. फोनवरचा गट निरोपासाठी ठेवावा. सकाळच्या शुभेच्छा आणि पुढे ढकललेले संदेश त्यात येऊ लागले की पुस्तक मागे पडतं, म्हणून पहिल्याच दिवशी नियम करावा: तारीख, जागा, पान क्रमांक, एवढंच.

वेळ मात्र इथल्या शेतीचं पंचांग पाहून ठरवावी. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर निघतात, त्याच सुमारास कापूस वेचणीला येतो. मृग बहाराचा तोडा फेब्रुवारीत सुरू होतो. या दिवसांत कुणाकडून दर आठवड्याची अपेक्षा करू नये, महिन्यातून एकदा भेटलं तरी पुरे. पेरण्या आटोपल्यावर, आषाढाच्या मध्यापासून, माणसाला संध्याकाळ मोकळी मिळते. पोथ्याही याच दिवसांत लागत आल्या आहेत. तेव्हा सुरू केलं आणि आठवड्याला एक बैठक धरली, तर ‘धग’ दसऱ्याच्या आत वाचून होते. दिवाळी अंकांची वर्गणी काढायला लागणारी माणसं तोवर जमलेली असतात, आणि कुठले अंक मागवायचे यावर त्यांची मतंही तयार झालेली असतात.